सोलापूर : गिरणीच्या भोंग्याआधीचे गाव

मुलांनो, तुमच्या घरातले कपाट उघडून पाहा. एखादी जाड, रंगीत, धुऊन धुऊन मऊ झालेली चादर नक्की सापडेल. भारतातून येताना आजीने सामानाच्या वजनाची पर्वा न करता बॅगेत कोंबलेली ती हीच, सोलापुरी चादर! या चादरीमुळे सोलापूरचे नाव घराघरांत पोचले. कापडाच्या गिरण्यांमुळे त्याला ‘गिरणगाव’ म्हणू लागले, कुणी हौसेने त्याची तुलना इंग्लंडमधल्या मँचेस्टरशी केली.

पण सोलापूरची पहिली गिरणी सुरू झाली १८७७ साली. म्हणजे अजून दीडशे वर्षेही झालेली नाहीत. मग त्याआधी तिथे काय होते? नुसते माळरान होते का? आणि गावाचा सर्वांत जुना भाग कोणता? या लेखात आपण सोलापूर वरून खाली उलगडत जाऊ. कांदा सोलतो ना, तसे. फक्त डोळ्यांत पाणी येऊ नये एवढी काळजी घेऊ.

नावाचे कोडे

सुरुवात नावापासून करू. सोलापूरच्या कुणालाही विचारा, ‘गावाला हे नाव कसे पडले?’ दहापैकी आठ जण सांगतील, ‘सोळा गावे मिळून झाले म्हणून सोलापूर.’ काही जण त्या सोळा गावांची नावेही सांगतात : आदिलपूर, अहमदपूर, फतेपूर, सोनापूर वगैरे. ऐकायला छान वाटते. पण थोडे थांबून विचार करा. आपल्या मराठीत सोळामध्ये ‘ळ’ आहे आणि सोलापूरमध्ये ‘ल’ आहे. मराठी माणसाने नाव ठेवले असते तर ‘सोळापूर’ झाले नसते का? अर्थात हिंदी-उर्दूत ‘सोलह’ असा ‘ल’ आहे, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देता येणार नाही. त्यासाठी पुरावा हवा. आणि तो दगडावर कोरलेला आहे.

बाराव्या शतकात, कल्याणीच्या कलचुरी राजांच्या काळातल्या शिलालेखांत या गावाचे नाव ‘सोन्नलगे’ असे येते. पुढे लोक ते ‘सोन्नलगी’ असे म्हणू लागले. यादवांचे राज्य संपल्यानंतरचा, शके १२३८ चा, म्हणजे इसवी सन १३१६ च्या सुमाराचा एक संस्कृत शिलालेख मोहोळ तालुक्यातल्या कामती गावी सापडला. त्यात नाव आहे ‘सोनलीपूर’. सोलापूरच्या किल्ल्यातल्या एका लेखात ‘सोनलपूर’ आहे, तर किल्ल्यातल्याच विहिरीवरच्या लेखात ‘संदलपूर’.

आता ही नावे ओळीने म्हणून पाहा : सोन्नलगी, सोनलीपूर, सोनलपूर, सोलापूर. बोलता बोलता मधला ‘न’ गळून पडला. नदीतला गोटा पाण्याने घासून गुळगुळीत होतो, तसे शब्दही जिभेने घासले जातात. पुढे इंग्रज आले आणि त्यांनी ‘शोलापूर’ लिहायला सुरुवात केली. म्हणजे सोळा गावांची गोष्ट नावावरून नंतर सुचली असावी. नाव त्या गोष्टीपेक्षा जुने आहे आणि ते मुळात कन्नड मुलखातले आहे.

ही पहिली गंमत लक्षात ठेवा. आज महाराष्ट्रात असलेल्या या शहराचे सर्वांत जुने नाव आपल्याला कन्नड वळणात भेटते.

पहिला थर : तळे

गावाचा सर्वांत जुना आणि आजही जिवंत असलेला भाग म्हणजे सिद्धेश्वराचे तळे आणि त्यातले देऊळ. बाराव्या शतकात इथे सिद्धराम नावाचे शिवयोगी होऊन गेले. सोलापूरकर त्यांना सिद्धरामेश्वर म्हणतात. महात्मा बसवेश्वरांच्या काळातले हे मोठे शरण. त्यांनी कन्नडमध्ये ‘वचने’ रचली आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ अशी नाममुद्रा घातली. आपल्या ‘तुका म्हणे’ सारखीच ही पद्धत, पण तुकाराम महाराजांच्या जवळजवळ पाचशे वर्षे आधीची!

दंतकथा अशी की, लहानपणी गुरे राखणारा हा मुलगा मल्लय्याला, म्हणजे मल्लिकार्जुनाला, शोधत थेट श्रीशैल पर्वतापर्यंत गेला. परत आला तो देवाचा आदेश घेऊन. मग त्याने गावात काय केले? लोकांना जमवून तळे खोदले. गावाभोवती अडुसष्ट शिवलिंगांची स्थापना केली.

सोलापूरचा मुलूख कमी पावसाचा. उन्हाळ्यात इथला उकाडा आपल्या दुबईची आठवण करून देतो (फक्त घाम कमी येतो). अशा मुलखात गाव वसवायचे तर पहिली गरज देवळाची नाही, किल्ल्याची नाही आणि गिरणीची तर नाहीच. पहिली गरज पाण्याची. इंजिनिअर म्हणून मला हे फार आवडते की या गावाच्या सर्वांत थोर माणसाची आठवण लोक ‘तळे खोदणारा’ म्हणून काढतात. त्याने लढाई जिंकली नाही. त्याने पाणी साठवले.

दर वर्षी संक्रांतीला सिद्धेश्वराची ‘गड्ड्याची जत्रा’ भरते. पांढरीशुभ्र बाराबंदी घातलेले भक्त उंचच उंच नंदीध्वज तोलत मिरवणुकीने चालतात. संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. तो म्हणजे सिद्धरामांच्या योगदंडाचे कुंभारकन्येशी प्रतीकात्मक लग्न. घरी मराठी, कन्नड, तेलुगू किंवा उर्दू काहीही बोलत असोत, सगळे सोलापूर त्या वेळी रस्त्यावर असते.

दुसरा थर : किल्ला, वेशी आणि पेठा

तळ्याच्या शेजारीच सोलापूरचा भुईकोट किल्ला आहे. भुईकोट म्हणजे डोंगरावर न बांधता सपाट जमिनीवर बांधलेला. डोंगराचे संरक्षण नाही, म्हणून दुहेरी तटबंदी आणि भोवती खंदक. हा किल्ला चौदाव्या शतकात बहमनी राजवटीत बांधला असे मानतात. आत एका जुन्या देवळाचे अवशेष आहेत, म्हणजे किल्ल्याच्याही आधीचा थर किल्ल्याच्या पोटात आहे.

बहमनी राज्य फुटल्यावर सोलापूर अडकले विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्या मधोमध. दोघांनाही किल्ला हवा! कधी लढाईत मिळवायचा, तर कधी लग्नात. हसू नका, हे खरे आहे. निजामशाहीची राजकन्या चांदबीबी हिचे लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झाले, तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून देण्यात आला. हीच ती चांदबीबी, जिने पुढे अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवला. त्यानंतर मोगल आले. विजापूरवर चालून जाण्यापूर्वी, १६८५ मध्ये, औरंगजेबाची छावणी सोलापुरात होती. मग मराठे आले. शेवटी मे १८१८ मध्ये जनरल मन्रोने हा किल्ला पेशव्यांच्या सैन्याकडून घेतला आणि इंग्रजांचा अंमल सुरू झाला.

किल्ल्याबाहेर गाव वाढत होते, त्यालाही तट होता. तटाला दरवाजे, म्हणजे वेशी. बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस, कुंभार वेस ही नावे आजही रिक्षावाल्याला सांगितली की तो बरोबर नेऊन सोडतो, पण तिथे पोचल्यावर वेस शोधू नका! गाव वाढू लागले तशी नगरपालिकेने १८७२ च्या सुमारास पूर्वेकडचा तट आणि इतर बाजूंचा काही भाग पाडून टाकला. तट गेला, नाव राहिले.

पेठांचेही तसेच. मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, बुधवार पेठ ही वारांची नावे पुण्याप्रमाणेच. साखर पेठ आणि बेगम पेठ ही नावे ऐकूनच गोष्ट सुचते. उत्तर कसबा आणि दक्षिण कसबा. ‘कसबा’ हा मूळ अरबी शब्द, अर्थ मोठी वस्ती किंवा बाजाराचे गाव. तुमच्या शाळेत अरबी शिकवतात ना? बाईंना विचारा, त्या हा शब्द लगेच ओळखतील. मराठीत कुठल्याही जुन्या शहरात ‘कसबा’ दिसला की समजावे, आपण मूळ गावात आहोत.

तिसरा थर : आगगाडी

आता वेग वाढतो. १८५२ साली सोलापुरात नगरपालिका स्थापन झाली. १८६० साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची मुंबईहून निघालेली लाईन पुणे, बार्शी रोड, मोहोळ असे करत सोलापूरला पोचली. पुढचा मार्ग तयार होऊन गाडी रायचूरपर्यंत जायला आणखी दहा-अकरा वर्षे लागली. त्या काळात सोलापूर हे जवळजवळ शेवटचे स्टेशन होते. शेवटच्या स्टेशनाचा फायदा काय? पलीकडच्या सगळ्या मुलखातला माल बैलगाडीने तिथे येतो आणि तिथून आगगाडीत चढतो.

आणि योगायोग पाहा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस थांबला. हिंदुस्थानी कापसाचा भाव गगनाला भिडला. रेल्वे असलेल्या गावांना सुगीचे दिवस आले आणि सोलापूर कापसाची मोठी बाजारपेठ बनले.

चौथा थर : गिरणी

कापूस इथून मुंबईला पाठवायचा, तिथून इंग्लंडला, आणि त्याचे कापड पुन्हा इथे विकत घ्यायचे. हा उलटा प्रवास कशाला? असा विचार मुंबईतले व्यापारी करू लागले होते. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापड गिरणीचा पाया घातला होता. त्यांच्यानंतरच्या पिढीतले एक मोठे गिरणीमालक मोरारजी गोकुळदास. त्यांच्या पुढाकाराने सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. सोलापूरकरांची ‘जुनी गिरणी’ ती हीच. शहरातल्या मुरारजी पेठेच्या नावात या शेठजींची आठवण आहे.

गिरणी उभी करायला काय काय लागते, ते एका यादीत मांडू :

१. कापूस. आसपासच्या काळ्या जमिनीतला आणि निजामाच्या मुलखातून येणारा.

२. यंत्रे. त्या काळी ती बहुतेक इंग्लंडच्या लँकेशायर भागातून येत. जहाजाने मुंबई, तिथून आगगाडीने सोलापूर.

३. कोळसा. बॉयलर पेटवून वाफ करायची, वाफेवर इंजिन, इंजिनावर पट्टे, पट्ट्यांवर शेकडो चात्या. कोळसाही आगगाडीनेच येणार.

४. पाणी. सोलापूरजवळ हिप्परग्याचा मोठा एकरुख तलाव १८७१ च्या सुमारास पूर्ण झाला होता. पुढे शहराला त्याचे पाणी मिळू लागले.

५. माणसे. आणि इथे गोष्ट दुःखाची आहे. १८७६ ते १८७८ हा दख्खनमधला भीषण दुष्काळाचा काळ. शेतात काही उरले नव्हते. पोटासाठी माणसे गाव सोडून शहराकडे चालू लागली.

गिरणीच्या धुराड्याकडे पाहताना हा पाचवा मुद्दा आपण विसरतो. गिरणी सुरू झाली ते वर्ष दुष्काळाचे होते.

यानंतर एकामागून एक गिरण्या आल्या : लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू, जाम. पहाटे भोंगा वाजायचा आणि सगळे शहर त्यावर चालायचे. घरात घड्याळ नसले तरी चालत असे, भोंगा ऐकून आई चूल पेटवायची. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ७५ हजार होती. २०११ मध्ये ती साडेनऊ लाखांच्या वर गेली.

गिरणी आली तरी हातमाग का टिकला?

पुस्तकात आपण वाचतो की यंत्र आले आणि हातमाग मेला. पुष्कळ ठिकाणी तसे झाले. सोलापुरात मात्र गिरणी आणि हातमाग शेजारी शेजारी वाढले. हे कसे? समजून घेऊ.

कापड विणायला दोन प्रकारचे धागे लागतात. उभा तो ताणा, आडवा तो बाणा. धोट्याला बाण्याचे सूत भरून ताण्यातून इकडून तिकडे फेकायचे, म्हणजे वीण पडते. विणण्याआधी सूत कातावे लागते आणि हाताने सूत कातायला फार वेळ जातो. एका विणकराला पुरेल इतके सूत द्यायला अनेक हात कातत बसावे लागतात. गिरणीने कातण्याचे काम झपाट्याने आणि स्वस्तात केले. म्हणजे सोलापूरच्या विणकराला उत्तम सूत घराजवळ मिळू लागले. त्या सुतातून तो काठपदराचे लुगडे विणायचा. अशी लुगडी, गावागावांच्या आवडीप्रमाणे काठ आणि रंग बदलून, थोडी थोडी काढणे गिरणीला परवडत नसे. जिथे एकाच नमुन्याचा हजारो वार माल हवा तिथे गिरणी, जिथे दर वेळी वेगळा नमुना हवा तिथे हातमाग. दोघांनी काम वाटून घेतले.

हे विणकर कोण होते? काही पिढीजात इथलेच. पण मोठ्या संख्येने आले ते पद्मशाली समाजाचे तेलुगू बोलणारे विणकर, निजामाच्या राज्यातल्या तेलंगणातून. गावाकडे दुष्काळ आणि विलायती कापडाची स्पर्धा, इकडे सूत, बाजार आणि आगगाडी. ते आले आणि शहराच्या पूर्वेला राहिले. त्याला आजही ‘पूर्वभाग’ म्हणतात. त्यांनी मार्कंडेयाचे मंदिर बांधले. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा सगळा पूर्वभाग सजतो. पुढे लुगड्यांची जागा चादरी आणि टॉवेलांनी घेतली, हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. आपल्या कपाटातली चादर विणणाऱ्यांत या लोकांचा वाटा फार मोठा आहे.

म्हणजे ज्या वस्तूला आपण ‘अस्सल आपली’ म्हणून परदेशात कौतुकाने दाखवतो, ती तेलंगणातून आलेल्या माणसांच्या हातांनी घडली. सोलापूरच्या शेंगाचटणीचेही तेच. तिच्याशिवाय कडक भाकरी घशाखाली उतरत नाही, पण शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला!

सगळेच आपल्या मर्जीने आले नाहीत

एक गोष्ट मुलांना सांगावी की नाही, असा प्रश्न मला पडला होता. सांगावी असे ठरवले.

इंग्रजांनी १८७१ मध्ये एक कायदा केला. त्याने काही भटक्या जमातींना जन्मतःच ‘गुन्हेगार’ ठरवले. बाळ जन्मले की तेही गुन्हेगार! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा लोकांना तारेच्या कुंपणाआड ठेवण्यासाठी सोलापुरात मोठी वसाहत काढली. कैकाडी, पारधी अशा जमातींची कुटुंबे तिथे होती. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही, आणि कामाला कुठे? गिरणीत. देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, पण हा कायदा रद्द होऊन हे लोक मुक्त झाले ते ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, पाच वर्षांनी. सोलापुरातल्या त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. वेशीसारखेच इथेही कुंपण गेले आणि नाव राहिले. पण हे नाव ऐकताना आपण थोडे गंभीर व्हायला हवे.

चार नावे

इतक्या ठिकाणांहून आलेली माणसे एकत्र राहू शकली का? याचे एक उत्तर १९३० मध्ये मिळाले.

६ एप्रिल १९३० रोजी सोलापूरच्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकवला. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटून उठले. गिरणी कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. काही दिवस इंग्रजांचा अंमल शहरात उरलाच नाही. १२ मे रोजी त्यांनी लष्करी कायदा पुकारला, तो जूनअखेरपर्यंत चालला. पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात दोन पोलीस मारले गेल्याच्या आरोपावरून चौघांना फाशीची शिक्षा झाली आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात ती अमलात आली. ते चौघे :

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे.

ही नावे मोठ्याने वाचा. एका नावात कन्नड वळण आहे, एक मुसलमान आहे, एक मारवाडी आणि एक मराठा. वर आपण जे थर पाहिले, ते इथे एका ओळीत उभे आहेत. शहरातला चार हुतात्मा पुतळ्यांचा चौक याच चौघांच्या नावाने आहे.

भोंगा थांबला

स्वातंत्र्यानंतर गिरण्यांचे दिवस पालटले. जुनी गिरणी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. हजारो कामगारांचा प्रश्न म्हणून सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५० चा पहिला निकाल सरकारच्या बाजूने लागला, १९५३ चा दुसरा सरकारच्या विरुद्ध. नवी राज्यघटना नागरिकाच्या मालमत्तेचे रक्षण कुठपर्यंत करते, हा प्रश्न त्यात होता. म्हणून कायद्याचे विद्यार्थी आजही ‘शोलापूर’चे खटले अभ्यासतात.

पुढच्या काही दशकांत बाकीच्या गिरण्याही एकेक करून बंद झाल्या. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा, वाढता तोटा अशी कारणे अनेक. बंद गिरणीच्या आवारात झाडे उगवली. ज्या भोंग्यावर शहर उठायचे तो गप्प झाला आणि कितीतरी घरांतले मिळवते हात रिकामे झाले. पण गंमत अशी की गिरण्या गेल्यावरही गाव गेले नाही. तळे आहे, जत्रा आहे, पेठा आहेत, पूर्वभागातल्या मागांची खटखट आहे. गिरणी हा सोलापूरचा पाया नव्हताच, तो एक मोठा थर होता.

मँचेस्टर आणि दुबई

ज्या मँचेस्टरशी सोलापूरची तुलना होते, तिथेही असेच आहे. ते शहर गिरण्यांनी जगप्रसिद्ध केले, पण त्याची सुरुवात इसवी सन ७९ च्या सुमारास रोमन सैन्याने बांधलेल्या ‘मामुकियम’ नावाच्या किल्ल्यापासून झाली. त्या नावाचा आवाज आजच्या नावात ऐकू येतो. जुन्या किल्ल्याच्या जागेजवळून पुढे कालवे आणि आगगाडीचे रूळ गेले. थर तेच : किल्ला, बाजार, रेल्वे, गिरणी.

आणि आपली दुबई? लोकांना वाटते इथे तेल सापडले, १९६६ मध्ये, आणि मग वाळूतून शहर उगवले. पण जुमेराला उत्खननात अब्बासी काळातल्या, म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या, वस्तीचे अवशेष मिळाले आहेत. अल फहिदी किल्ला १७८७ च्या सुमाराचा मानतात. १८९४ मध्ये इथल्या शासकांनी परदेशी व्यापाऱ्यांना कर माफ केला, तेव्हा इराणच्या बस्तक भागातले व्यापारी खाडीकाठी येऊन राहिले. त्यांच्या बर्जील असलेल्या घरांचा भाग तो ‘बस्तकिया’. बर्जील म्हणजे वारा खाली ओढून घेणारा मनोरा, विजेशिवायचा एसीच म्हणा ना! दुबईचा पहिला मोठा धंदा मोत्यांचा. १९३० च्या सुमारास जागतिक मंदी आणि जपानचे कृत्रिम रीतीने वाढवलेले मोती यांमुळे तो बुडाला. जसा सोलापूरचा भोंगा थांबला, तशा इथे मोती काढणाऱ्या होड्या थांबल्या. तरी शहर थांबले नाही.

पालकहो, थोडे तुमच्याशी

आपल्या मुलांना एक प्रश्न नेहमी विचारला जातो : ‘तुम्ही मूळचे कुठले?’ मुले गोंधळतात. जन्म इथला, पासपोर्ट भारताचा, आजी एका गावाला, आजोबांचे गाव दुसरेच. मग आपण घाईने एकच उत्तर पाठ करून घेतो.

सोलापूरचा पूर्वभाग पाहिला की वाटते, एवढी घाई नको. तिथल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोलली जाते, बाहेर मराठी बोलली जाते, आणि त्या माणसाला सोलापूरकर असण्यासाठी दोहोंपैकी एक सोडावी लागलेली नाही. मात्र घरची भाषा आपोआप टिकत नाही. त्यासाठी देऊळ, जत्रा, शाळा, गप्पा असे काहीतरी दर आठवड्याला चालू ठेवावे लागते. आपला हा सुट्टीच्या दिवशीचा मराठी वर्ग त्यासाठीच आहे. सकाळी मुलांना उठवताना कंटाळा आला की हे आठवावे.

मुलांनो, करून पाहा

१. आजी-आजोबांना फोन करून विचारा : आपल्या गावाचे जुने नाव काय होते? ते बदलले कसे?

२. तुमच्या गावातल्या अशा दोन जागा शोधा, जिथे वस्तू उरली नाही पण नाव उरले आहे. (उदाहरण : वेस नसलेली बाळीवेस.)

३. घरातल्या सोलापुरी चादरीत ताणा कोणता आणि बाणा कोणता ते ओळखा. भिंग असल्यास उत्तम. चादर उसवू नका!

४. आई-बाबांबरोबर खाडीकाठी अल फहिदीच्या जुन्या वस्तीत जा आणि एका बर्जीलचे चित्र काढून आणा. वारा कुठून आत येतो ते बाणांनी दाखवा.

५. थोडे अवघड : ‘कसबा’ सारखे आणखी पाच शब्द शोधा, जे मराठीतही आहेत आणि अरबीतही. सर्वांत लांब यादी कोण आणतो ते पुढच्या वर्गात पाहू.